लांगटांग ट्रेक : ढिगाऱ्यावरून जाणाऱ्या वाटेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेपाळमधल्या लांगटांगला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा २०१५ च्या भूकंपानंतर. तेव्हापासून दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. लिहिताना एक लक्षात आलं: सॅकचं वजन आणि बसचं वेळापत्रक सगळे विचारतात, त्या भूकंपात ज्याच्याखाली जुनं गाव गाडलं गेलं त्या ढिगाऱ्याबद्दल मात्र बहुतेक जण शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारतात. इथे तो आधी घेतलाय.

लांगटांग नेमकं कुठे आहे?

काठमांडूच्या उत्तरेला, रसुवा जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेला लागून. खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय. मधून लांगटांग खोला वाहते (नेपाळीत खोला म्हणजे नदी किंवा ओढा) आणि उत्तरेच्या बाजूनं ७,२०० मीटरहून उंच असा लांगटांग लिरुंग डोक्यावर उभा असतो. सगळा भाग १९७६ साली स्थापन झालेल्या लांगटांग राष्ट्रीय उद्यानात येतो. ट्रेक सुरू होतो स्याफ्रुबेसीला आणि लॉजची वस्ती संपते क्यांजिन गोम्पाला (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ), साधारण ३,८५० मीटरवर.

२०१५ ला तिथे काय झालं?

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळी घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटं झाली होती. गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. लांगटांगमध्ये मात्र घरं नुसती हादऱ्यानं पडली नाहीत.

लिरुंगच्या उतारांवर त्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बर्फ साठला होता. हादऱ्यानं ते बर्फ, हिमनदीचे तुकडे आणि खडक एकदम सुटले. वरच्या उतारावरून घसरत ते सगळं गावामागच्या कड्याच्या टोकाशी आलं आणि तिथून शेकडो मीटर सरळ खाली कोसळलं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण बरेच जण 'हिमस्खलन' म्हटलं की उतारावरून घरंगळत येणारा पांढरा लोंढा डोळ्यासमोर आणतात. इथे तो कड्यावरून हवेत आला आणि गावावर पडला. संशोधकांच्या मोजणीनुसार खाली साठलेला ढीग सुमारे ७० लाख घनमीटर भरला.

पडणाऱ्या वस्तुमानानं पुढे ढकललेली हवा ही दुसरी आपत्ती होती. ज्या घरांपर्यंत दगड-बर्फ पोचलाच नाही, ती त्या झोतानं सपाट झाली. नदीपलीकडच्या उतारावरची झाडं ओळीनं आडवी झाली, सगळ्यांचे शेंडे एकाच दिशेला. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यात गावातली सुमारे १७५, बाकीचे ट्रेकर्स, गाइड, पोर्टर, कामाला आलेले लोक. कित्येकांचे देह सापडले नाहीत.

जुन्या गावातलं एकच घर शिल्लक राहिलं. कड्याच्या पोटाशी, पुढे आलेल्या खडकाखाली ते होतं, त्यामुळे सगळं त्याच्या डोक्यावरून पुढे पडलं. वाटेवरून ते अजून दिसतं.

इतक्या धोक्याच्या जागी गाव वसवलंच कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो, पण विचारला जातो म्हणून उत्तर देतो. हिमालयाच्या अरुंद खोऱ्यात शेताला आणि घराला सपाट जागा मिळते ती बहुतेक कुणीतरी आणून टाकलेली असते: नदीनं, हिमनदीनं, नाहीतर जुन्या दरडीनं. सपाटी हवी तर ती अशीच मिळणार. लांगटांगचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे बटाटे आणि जव पिकवत, याक आणि चौरी (याक आणि गायीचा संकर) पाळत राहत होते. हिमस्खलन त्यांना नवीन नव्हतं. पण जास्तीचं बर्फ आणि एवढा मोठा भूकंप एकाच वर्षात जुळून येणं हे कुठल्याही आजोबांच्या आठवणीत नव्हतं.

तो ढिगारा ओलांडायला किती वेळ लागतो? भीती वाटते का?

अर्धा तास, कमी-जास्त. तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. पायवाट मळलेली आहे, दोरी लागत नाही, हात टेकावे लागत नाहीत.

खालून येताना तोपर्यंतची वाट कुरणातून, दगडी बांधांच्या कडेनं जाते. मग एकदम हिरवं संपतं. समोर राखाडी दगडांचा चढ येतो, डोक्याएवढे, टेबलाएवढे, काही खोलीएवढे. कडा धारदार असतात, नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत नाहीत, कारण हे दगड वाहत आलेले नाहीत, पडलेले आहेत. मधूनमधून वाकलेला पत्रा दिसतो, रंधा मारलेल्या लाकडाचा तुकडा दिसतो. पहिल्या खेपेला मला एक निळा पत्रा दिसला, ओल्या टॉवेलसारखा पिळलेला. आमचा गाइड तोवर सतत बोलत होता, तो तिथे गप्प झाला आणि पलीकडे पोचेपर्यंत गप्पच राहिला. आम्हीही काही विचारलं नाही.

सुरुवातीच्या काळात या ढिगात भरपूर बर्फ होतं. ते वितळत गेलं तसा ढीग बसत गेला आणि पायवाट पुन्हा पुन्हा आखावी लागली. नदी तर काही काळ त्याच्या पोटातून बोगदा करून वाहत होती. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मधल्या वर्षांत दगडांच्या फटींमधून गवत आणि छोटी झुडपं वर आलेली मी पाहिली. आता दुरून पाहणाऱ्याला ही जुनी मोरेन, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेली दगडांची रास, वाटेल. कुणी सांगितलं नाही तर गप्पा मारत पलीकडे जाल. मला विचाराल तर हीच या वाटेवरची काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

तिथे फोटो काढावेत का?

डोंगराचे काढा. ढिगाऱ्याचे काढायचे तर थांबून, शांतपणे काढा. ढिगाऱ्यावर उभं राहून हात पसरून स्वतःचे काढू नका. हा कुठे लिहिलेला नियम नाही. पण त्या दगडांखाली माणसं आहेत आणि पुढच्या लॉजमध्ये तुम्हाला चहा देणारी बाई त्यांची कुणीतरी लागते. पत्रा, भांडं, कापड काहीही दिसलं तरी उचलू नका. ड्रोनला परवानगी लागते, आणि मिळाली तरी इथे उडवू नका.

स्मारक आहे का?

आहे. गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत आणि नावं वाचता वाचता एकाच घरातली किती होती ते कळतं. वाटेवर मणीभिंतीही लागतात, म्हणजे मंत्र कोरलेल्या पाट्यांच्या लांबच लांब भिंती. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, स्तूपालाही तसंच. आपल्या प्रदक्षिणेसारखंच आहे, लक्षात ठेवायला सोपं.

गाव पुन्हा उभं राहिलंय का? राहायची सोय आहे?

हो, व्यवस्थित. वाचलेले लोक आधी काही महिने काठमांडूत स्वयंभूजवळ एका गोम्पाच्या आवारात तंबूंमध्ये राहिले आणि मग एक-एक करत वर परतले. नवं लांगटांग ढिगाऱ्याच्या पलीकडे, खोऱ्यात थोडं वर आहे. लॉज नवीन आहेत, निळे-हिरवे पत्रे, सोलरचं पाणी. जेवायला डाल-भात, थुक्पा, बटाटे, तिबेटी रोटी. ट्रेकर्स येणं हेच तिथलं मुख्य उत्पन्न आहे. 'अशा ठिकाणी मजेसाठी जाणं बरोबर आहे का?' असं जे विचारतात त्यांना मी एवढंच सांगतो: जाऊ नका असं तिथल्या कुणीही मला म्हटलेलं नाही. पुन्हा या, असं मात्र प्रत्येक लॉजमध्ये म्हणाले.

किती दिवस लागतात?

काठमांडू ते काठमांडू आठ दिवस धरा, नऊ असले तर उत्तम. बसचे दोन दिवस त्यातच.

छापील कार्यक्रम असा असतो: पहिल्या दिवशी स्याफ्रुबेसी ते लामा होटेल (हे वस्तीचं नाव आहे), दुसऱ्या दिवशी लांगटांग गाव, तिसऱ्या दिवशी क्यांजिन. कागदावर छान दिसतं. आता उंची बघा. लामा होटेल साधारण २,४०० मीटरवर, लांगटांग गाव साधारण ३,४३० मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची हजार मीटरनं वाढली. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ३०० ते ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या पहिल्या गटातले दोघे नेमके याच टप्प्यावर आजारी पडले: डोकं ठणकतंय, जेवण जात नाही, रात्रभर झोप नाही. एकाला सकाळी खाली आणावं लागलं. दुसऱ्या खेपेला आम्ही मधे थ्यांगश्यापला मुक्काम केला, तीन हजाराच्या थोडं वर, आणि कुणालाही काही झालं नाही. एक दिवस वाढतो, तेवढा वाढू द्या.

डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं असं काही दिसलं तर वर जायचं नाही, खाली यायचं. रात्र असली तरी. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, लॉजमध्ये भेटलेल्या अनोळखी ट्रेकरला नाही.

सह्याद्रीतला अनुभव पुरेसा आहे का?

पायांसाठी पुरेसा आहे, फुप्फुसांना त्याचा उपयोग नाही. स्याफ्रुबेसीच जवळपास कळसूबाईच्या उंचीवर आहे, म्हणजे आपला महाराष्ट्राचा माथा जिथे संपतो तिथून हा ट्रेक सुरू होतो. सह्याद्रीत आपण पटापट चढून दुपारी वडापाव खायला खाली येतो. ती सवय इथे मोडावी लागते. सोबतचा सगळ्यात हळू चालणारा माणूस ज्या वेगानं जातोय तोच वेग धरा. पाठीवर सात-आठ किलो घेऊन सलग सहा तास चालता येत असेल तर तब्येतीच्या दृष्टीनं तयारी झाली.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च अखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. वसंतात गेलात तर जंगलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. पावसाळ्यात जळवा आणि दरडी, नको. थंडीत जाता येतं, पण मोठा हिमवर्षाव झाला असेल तर निदान दोन-तीन दिवस वरच्या टप्प्यात हलू नये.

तसं पुन्हा होऊ शकतं का?

होऊ शकतं. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. लिरुंग तिथेच आहे, त्याच्या खांद्यावरच्या हिमनद्याही, आणि भूकंपाची तारीख कुणाला सांगता येत नाही. त्या एका भूकंपानंतर १२ मेला ७.३ चा दुसरा मोठा हादरा बसला होता, हेही लक्षात असू द्या.

शिवाय भूकंपच हवा असं नाही. ८ जुलै २०२५ ला स्याफ्रुबेसीच्या उत्तरेला भोटेकोशी नदीला अचानक पूर आला आणि रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्री पूल वाहून गेला. वर तिबेटात हिमनदीच्या पाठीवर साठलेलं तळं रिकामं झालं होतं. खाली राहणाऱ्यांना कळायला वेळच नव्हता.

आपल्या हातात असतं ते एवढंच: घळींचे आणि दरडींचे टप्पे सकाळी लवकर ओलांडायचे, ऊन चढून वरचं बर्फ सैल व्हायच्या आत. अशा टप्प्यात पाणी प्यायला, फोटोला, कुणाची वाट बघायला थांबायचं नाही. एकेकट्यानं, अंतर ठेवून जायचं आणि कान उघडे ठेवायचे, म्हणजे हेडफोन सॅकमध्ये. वाटेवर ताज्या पांढऱ्या कडांचे दगड दिसले तर ते अलीकडे पडलेत असं समजायचं. जुन्या दगडावर शेवाळ आणि धूळ असते.

क्यांजिन री करावं की चेर्को री?

ही दोन्ही क्यांजिनजवळची शिखरं. क्यांजिनला पोचल्यावर दुसरा दिवस यासाठी ठेवायचा. क्यांजिन री जवळ आहे, सुमारे ४,७७० मीटर, सकाळी जाऊन जेवायला परत. चेर्को री पाच हजाराला थोडं कमी, पहाटे अंधारात निघायचं, दिवस जातो. पाय चालत असतील तर चेर्को री करा, आणि त्याचं कारण फक्त उंची नाही.

चेर्को री स्वतःच एका दरडीचा अवशेष आहे. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी इथला एक अख्खा डोंगर सुटून खोऱ्यात आला. हललेला खडक १० घनकिलोमीटरच्या घरात होता असं भूवैज्ञानिक मानतात. २०१५ चे ७० लाख घनमीटर म्हणजे ०.००७ घनकिलोमीटर. गुणोत्तर तुम्हीच काढा, हजार पटींच्या वर जातं. स्फटिकी खडकांतल्या, जगात माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या दरडींमध्ये हिची गणना होते. घसरताना तळाशी एवढं घर्षण झालं की खडक वितळला आणि लगेच थिजला. त्याचे काचेसारखे पातळ थर अजून सापडतात. मी हातात घेतलेला एक खडा नखाएवढ्या बुडबुड्यांनी भरलेला होता, ज्वालामुखीतून आल्यासारखा, आणि या खोऱ्यात ज्वालामुखी नाही. (तो खडा तिथेच ठेवला. राष्ट्रीय उद्यान आहे.)

या डोंगराच्या माथ्यावर झेंड्यांच्या माळा बांधलेल्या आहेत आणि लोक तिथे चॉकलेट खात बसतात. मीही बसलो होतो. तिथून खाली पश्चिमेला पाहिलं की दोन दिवसांपूर्वी ओलांडलेल्या ढिगाऱ्याची बाजू कळते. आपण उभे आहोत तेही तसंच काहीतरी आहे हे माहीत असलं की नजर वेगळी पडते.

परवाना, ओळखपत्र, पैसे?

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, मोठ्या माणसांच्या नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आहे. धुन्चेला सामान तपासतात आणि घोडातबेलाला सैन्याच्या चौकीवर परवाना बघतात, तेव्हा तो सॅकच्या तळाशी ठेवू नका. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर बांधलेला आहे. सगळी रोकड काठमांडूतून न्या, वर एटीएम नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर सकाळची बस जाईल.

गाइड घ्यायलाच हवा का?

२०२३ च्या एप्रिलपासून नेपाळनं परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केला. निघण्याआधी काठमांडूत टुरिझम बोर्डाच्या कार्यालयात ताजा नियम विचारून घ्या. नियम बाजूला ठेवला तरी माझं मत: घ्या, आणि शक्यतो रसुवातलाच घ्या. वाट चुकण्यासारखी नाही. पण कुठलं शेत कुणाचं होतं, कुठे कुठला लॉज होता, हे त्यालाच माहीत असतं आणि मजुरीही त्याच खोऱ्यात राहते.

गावकऱ्यांना त्या दिवसाबद्दल विचारावं का?

आपणहून नाही. दर मोसमात येणारा प्रत्येक गट हेच विचारत असेल, विचार करा. हिंदी बऱ्याच जणांना समजते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या शेगडीशी बसलात की गप्पा होतात. मुलं कुठे शिकतात, यंदा बटाटे कसे झाले, याकांना वर कधी नेता. दिदी म्हणा, दाइ (दादा) म्हणा. बोलायचं असेल तर त्या बोलतात. नव्या लांगटांगात एका दिदीनं भाताचं दुसरं वाढप करता करता मधेच सांगितलं की त्या दिवशी ती वर खर्कावर, म्हणजे उंचावरच्या चराईच्या कुरणात, याकांपाशी होती. बस, एवढंच. मग तिनं विचारलं, डाल अजून हवी का.

क्यांजिनच्या चीजबद्दल ऐकलंय, ते काय आहे?

स्विस मदतीनं १९५५ मध्ये तिथे चीजचा कारखाना सुरू झाला. चौरीचं दूध, घट्ट, पिवळसर, चवीला जरा उग्र. भाकरीसोबत छान लागतं. काठमांडूपर्यंत टिकतं, पुढचं तुमच्या सॅकमधल्या मोज्यांवर अवलंबून.

परतताना तीच वाट का? दुसरा रस्ता नाही?

गांजा ला नावाची खिंड दक्षिणेला हेलंबूत उतरते, पण ती ५,१०० मीटरच्या वर आहे आणि नवख्यांचं काम नाही. बाकी सगळे आल्या वाटेनंच उतरतात, म्हणजे ढिगारा दुसऱ्यांदा ओलांडायचा.

येताना चढावर धापा टाकत असता, नजर बुटांवर असते. जाताना उतार असतो आणि सकाळची वेळ, त्यामुळे मान वर करून तो कडा नीट बघता येतो. ढगात गेलेला नसला तर त्याच्या माथ्याशी बर्फाची कड दिसते. आमच्या गाइडनं दुसऱ्या खेपेला मधल्या एका मोठ्या दगडापाशी थांबून खिशातून मूठभर तांदूळ काढून ठेवले आणि काही न बोलता पुढे निघाला. अशा टप्प्यात थांबायचं नाही हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. त्या दिवशी लामा होटेलला पोचायला आम्हाला दुपार झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्याफ्रुबेसी. काठमांडूची बस सकाळीच निघते, तेव्हा तो एक मुक्काम तिथे धराच.